विमा कंपनीचं पत्र म्हणजे निकाल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अंकात मालवाहू गाडीच्या ड्रायव्हरच्या अपघाताची बातमी वाचली. शेवटी एक ओळ होती, ‘विमा कंपनीने दावा फेटाळल्याने कुटुंबासमोर संकट उभे राहिले आहे.’ बातमी तिथेच थांबली. वाचणाऱ्याला वाटावं, संपला विषय. पण तो तिथे संपत नाही, उलट सुरू होतो, आणि हे मी माझ्या ड्रायव्हरच्या प्रकरणात पाहिलंय, म्हणून हे पत्र.

मी मालक आहे. मालक म्हटलं की लोकांना बंगला दिसतो. माझ्याकडे एक आयशर आणि एक पिकअप, दोन्हींवर हप्ते. पिंपळगावहून आणि पेठ रोडच्या मार्केटमधून भाजीपाला भरायचा आणि पहाटेच्या आत वाशीला उतरवायचा, हा धंदा. आयशरवर नाना होता. वय चाळीस, माझ्याकडे बरीच वर्षं, घाटात हात बसलेला माणूस.

२०२१ चा ऑगस्ट. टोमॅटोला भाव नव्हता, शेतकरी रस्त्यावर ओतत होते, आणि आमच्या भाड्यालाही व्यापारी घासाघीस करत होता. त्या रात्री नाना क्रेट भरून निघाला. घोटीच्या पुढे पाऊस आणि वारा, ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडायला लागलं. माल भिजला तर शिव्या ड्रायव्हरला. कसारा घाट उतरल्यावर त्याने एका हॉटेलापाशी गाडी बाजूला घेतली, वर चढला, रस्सी ओढली, ती तुटली आणि तो खाली डांबरावर आला. डावं मनगट आणि कोपर दोन्ही गेले. गिअर डाव्या हाताने पडतो, हे गाडीवाल्यांना सांगायला नको.

पुढचं ऑपरेशन, प्लेट, फिजिओथेरपी हे सांगत बसत नाही. हात जुळला, पण मनगट फिरत नाही आणि मुठीत जोर नाही.

माझ्या पॉलिसीत ‘पगारी ड्रायव्हर व क्लीनर यांची कायदेशीर जबाबदारी’ अशी ओळ आहे. त्यासाठी माणशी पन्नास रुपये वेगळे घेतले जातात. पन्नास! एवढ्यात आज वडापावचा नाश्ता होतो. मी ते दरवर्षी भरत होतो. कागद पाठवले तेव्हा मला वाटलं, यासाठीच तर ही ओळ असते.

आधी कंपनीचा चौकशी करणारा माणूस आला. चहा घेतला, गोड बोलला. म्हणाला, ‘शेठ, तो तुमचा पगारी माणूस नाही, ट्रिपवर येतो, असं लिहून द्या. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल.’ मी लिहून दिलं नाही. माझी थोरवी म्हणून हे सांगत नाही. नानाच्या घरी माझी ऊठबस आहे हे एक कारण, आणि वकिलाने आधीच सांगून ठेवलेली एक भीती, हे दुसरं. ती भीती काय, ते पुढे येईल.

मग पत्र आलं. इंग्रजीत, दोन पानं. मुद्दे तीन. गाडी उभी होती, म्हणून हा वाहनाचा अपघात नाही, पोलिसांत नोंदही नाही. जखमी माणूस कामगार असल्याचा पुरावा नाही, हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. आणि दवाखान्याच्या केस पेपरवर ‘उंचावरून पडला’ एवढंच लिहिलंय, कुठल्या उंचीवरून ते नाही. सबब दावा नामंजूर.

तो तिसरा मुद्दा वाचून मला हसूही आलं आणि संतापही. रात्री जखमीला घेऊन जो हॉटेलवाला पोरगा दवाखान्यात गेला, त्याला डॉक्टरांनी विचारलं काय झालं, तो म्हणाला वरून पडला. डॉक्टरांनी तेच लिहिलं. तेवढ्या दोन शब्दांवर कंपनीचे वकील पुढे म्हणत होते की घराच्या माळ्यावरून पडला नसेल कशावरून? त्याच केस पेपरवर ‘दारूचा वास नाही’ अशीही ओळ होती. ती मात्र त्यांनी एकदाही वाचून दाखवली नाही.

हे पत्र घेऊन नाना आणि वहिनी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा समज असा की आता वरच्या साहेबाकडे, मुंबईच्या ऑफिसात अर्ज करायचा. बहुतेक लोक हेच करतात. अर्ज करतात, थांबतात, स्मरणपत्र देतात, परत थांबतात. आणि इकडे मुदत चाललेली असते. अपघाताची भरपाई मागायला कायद्याने दोन वर्षं दिलीत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर कुणी राहू नये.

आमचं प्रकरण चाललं ते १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याखाली. त्यात विमा कंपनी हो म्हणाली की नाही म्हणाली याला फार किंमत नाही. जबाबदारी आधी मालकाची, म्हणजे माझी, आणि माझ्या वतीने पैसे भरण्याची हमी कंपनीने घेतलेली. अर्ज करायचा तो भरपाई आयुक्तांपुढे. नाशिकला आमचं प्रकरण कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढेच चाललं, तेच आयुक्त म्हणून बसले होते. अर्जात मी सामनेवाला क्रमांक एक, कंपनी क्रमांक दोन. नानाला हे अवघड वाटत होतं. ‘अण्णा, तुमच्यावर केस कशी करू?’ मी म्हटलं, कर बाबा, माझं नाव घातल्याशिवाय कंपनीच्या दाराला हातच लागत नाही.

आणखी एक. अपघात कसाऱ्याजवळ, म्हणजे ठाणे जिल्ह्यात. एका ओळखीच्याने सांगून टाकलं की केस तिकडेच करावी लागेल. ते खरं नव्हतं. कामगार जिथे राहतो तिथेही अर्ज करता येतो, १९९५ च्या दुरुस्तीपासून. प्लॅस्टर घातलेला माणूस प्रत्येक तारखेला इगतपुरी उतरून जाणार होता का?

पुराव्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी लढाई तिथे झाली. आमच्या धंद्यात हजेरीपट कुठला? ट्रिपमागे पैसे, वर भत्ता, घाटात खर्चीला रोख, आणि अडीअडचणीला उचल. माझ्याकडे एक लाल वही. तिच्यात नानाची उचल, तारखेसकट, कुठे पेनाने कुठे पेन्सिलने. कोर्टात ती वही गेली. कंपनीचे वकील म्हणाले, घरगुती वही, काल लिहिली असेल. मी म्हटलं साहेब, हिच्यात त्याच्या पोरीच्या शाळेच्या फीला दिलेले पैसेही आहेत, ते मी काल कशाला लिहीन?

पण वहीपेक्षा कामाला आला तो फास्टॅग. त्याच वर्षी तो सक्तीचा झाला होता आणि आम्ही सगळे त्याला शिव्या घालत होतो. बँकेकडून उतारा काढला. त्या रात्री घोटीच्या नाक्यावर पैसे कट झाले. पुढचा पडघ्याचा नाका गाडीने पार केला तो थेट दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, कारण मी मध्यरात्री दुसरा ड्रायव्हर पाठवून माल पुढे काढला होता. मधले ते तास गाडी कुठे होती? कंपनीकडे याचं उत्तर नव्हतं. सोबत मार्केटची गेटपास आणि त्या रात्रीची बिल्टी, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाची पावती, तिच्यावर ड्रायव्हर म्हणून नानाचं नाव आणि सही. हॉटेलवाला पोरगा साक्षीला आला. त्याच्या हॉटेलची एक दिवसाची मजुरी बुडाली, तेवढं मी दिलं.

‘गाडी उभी होती’ या मुद्द्याचं काय झालं, तर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल दाखवला. पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटून पडला होता आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं गेली. उभ्या किंवा पडलेल्या गाडीचाही तो ‘वापर’च, असं तेव्हाच ठरलंय. आणि मुळात कामगार भरपाईला चाक फिरत होतं की नाही हा प्रश्नच नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली का, एवढंच. ताडपत्री बांधणं हे ड्रायव्हरचं काम नाही, असं म्हणणाऱ्याने एकदा टोमॅटोची गाडी श्रावणात घाटातून न्यावी.

ट्रिपवाल्यांचंही तेच. पूर्वी कायद्यात ‘नैमित्तिक’, म्हणजे कधीमधी कामावर येणाऱ्या, कामगाराला वगळण्याची एक फट होती, ती २००० च्या दुरुस्तीने बुजवली. आज हा गाडीवर, उद्या तो गाडीवर, असं असलं तरी ज्याच्या गाडीवर इजा झाली तो मालक सुटत नाही.

आता पैशांचं. हे मी मुद्दाम आकड्यांनी सांगतो, कारण हिशेब ठाऊक नसल्यामुळे माणसं पन्नास हजारांत सही करून मोकळी होतात. कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर महिन्याच्या वेतनाचे ६० टक्के घ्यायचे आणि वयाप्रमाणे कायद्यात दिलेल्या आकड्याने गुणायचं. वेतन कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के ९,०००. चाळिशीचा आकडा १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. यावर रक्कम देय झाल्यापासून वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाकाठी जवळजवळ दोन लाख. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

कंपनीचं म्हणणं, सर्टिफिकेटवर अपंगत्व ३५ टक्के आहे, म्हणून ३५ टक्केच द्यायचे. म्हणजे पाच लाख ऐंशी हजार. दिसायला बरोबर. पण कायदा हाताची टक्केवारी विचारत नाही, कमावण्याची ताकद किती गेली ते विचारतो. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात हे सांगून ठेवलंय. डावा हात कोपरावरून गेलेला, आणि एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. नानाच्या डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं की हा माणूस जड वाहन चालवू शकणार नाही. ते एक वाक्य जवळपास अकरा लाखांचं होतं. डॉक्टरांना कोर्टात आणणं हे मात्र सगळ्यात कठीण. त्यांना ओपीडी असते, ऑपरेशनं असतात, तारीख पुढे जाते. नुसतं सर्टिफिकेट जोडून भागत नाही, हे ज्याला केस करायची त्याने पहिल्या दिवसापासून धरून चालावं.

सगळ्यांना शंभर टक्के मिळतील असं मी म्हणत नाही. ज्याला तेच काम कमी वेगाने करता येतं त्याला तेवढं मिळणार नाही, आणि मिळूही नये.

आता ती भीती. देय झाल्यापासून महिन्याभरात भरपाई दिली नाही आणि उशिराला नीट कारण नसेल, तर आयुक्त रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड लावू शकतात. आमच्या हिशेबात तो सव्वाआठ लाखांच्या वर जातो. आणि हा दंड विमा कंपनी भरत नाही. भरपाई आणि व्याज कंपनीचं, दंड मालकाचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल आहे. म्हणजे चौकशीवाल्याचं ऐकून मी खोटं लिहून दिलं असतं आणि ते उघडं पडलं असतं, तर कंपनी नामानिराळी आणि आयशर माझी विकली गेली असती. मालक बंधूंनो, तो चहा पिऊन गोड बोलणारा माणूस तुमच्या बाजूचा नसतो.

निकाल नानाच्या बाजूने लागला. पूर्ण रक्कम, व्याजासकट. दंड लागला नाही, कारण अपघाताची खबर मी वेळेत दिली होती आणि पहिल्यापासून तो माझाच माणूस असं सांगत होतो.

कंपनीने उच्च न्यायालयात अपील केलंय. करू दे. तिथेही थोडं समजून घेण्यासारखं आहे. निकालापासून साठ दिवसांत अपील करावं लागतं, आणि ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. साक्षीदार परत तपासले जात नाहीत. मालक किंवा कंपनी अपिलात गेली तर तिला ठरलेली रक्कम आधी जमा करावी लागते. उलट कामगाराचा दावा खाली फेटाळला गेला, तर त्यालाही हेच साठ दिवस आणि कायद्याच्या प्रश्नाची हीच अट, आणि नाशिककरांसाठी ते मुंबईला. म्हणून जे काही कागद, साक्षी, डॉक्टर उभे करायचे ते इथेच, खालच्या कोर्टात. ‘वर बघून घेऊ’ म्हणणारा वकील बदलावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर गेल्यावर न्याय मिळतोच असंही नाही, आणि मिळाला तरी कधी? धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटेच्या पाळीला निघाला असता रस्त्यात अपघातात गेला. खालच्या आयुक्तांनी घरच्यांना भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती काढून घेतली, सर्वोच्च न्यायालयाने परत दिली ती जुलै २०२५ मध्ये. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी त्याचा धागा जुळत असेल तर, कामातलाच धरायचा, असं त्या निकालाने सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आता तशी तरतूद आहे. १९२३ चा कायदा त्या संहितेत गेला, पण भरपाईचा सांगाडा बराचसा तोच आहे.

दोन गोष्टी मागण्यासाठी हे पत्र आहे. पहिली विमा कंपन्यांकडे. पॉलिसी विकताना एजंट मराठीत बोलतो, नाकारताना पत्र इंग्रजीत का येतं? वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी ते पत्र शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडून वाचून घेतलं, आणि त्यानेही शेवटचं वाक्य ‘आता काही होणार नाही’ असं सांगितलं. ‘या निर्णयाविरुद्ध तुम्ही भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाऊ शकता, मुदत अमुक’ एवढी मराठी ओळ पत्राखाली छापायला किती शाई लागते?

दुसरी माझ्यासारख्यांकडे, आडगाव, पिंपळगाव, लासलगावच्या गाडीमालकांकडे. कामावर ठेवताना कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी, असं २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधनकारक केलं, आणि न दिल्यास पन्नास हजारांपासून एक लाखापर्यंत दंड ठेवला. आपल्यापैकी किती जणांनी असा कागद दिलाय? ट्रान्सपोर्टच्या बैठकीत मी हे विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, ‘असं लिहून दिलं तर उद्या तोच आपल्यावर केस करेल.’ अरे, करेलच, आणि करावीच. त्यासाठीच तर विमा काढलाय. त्याने केस केली नाही तर ते पन्नास रुपये दरवर्षी कशाचे भरतोस?

निदान एवढं तरी करा. बिल्टीवर ड्रायव्हरचं आणि क्लीनरचं नाव रोज लिहा. पैसे रोख न देता जमेल तेवढे खात्यावर टाका. पॉलिसीच्या ज्या पानावर ती पन्नास रुपयांची ओळ आहे, त्याची झेरॉक्स ड्रायव्हरच्या घरी असू द्या, गाडीच्या डॅशबोर्डवर नको, गाडी घाटात गेली की तीही जाते. आणि माणूस पडला तर दवाखान्यात ‘कामावर असताना, गाडीवरून’ हे शब्द केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

नाना आता माझ्याकडेच बिल्टी आणि हिशेब बघतो. पूर्वीच्या निम्म्याने पैसे मिळतात, तेवढंच मला परवडतं. जमा झालेल्या रकमेतला काही भाग त्याला काढायला परवानगी मिळाली, त्यातून घराचं कर्ज फिटलं. बाकी अपिलाचा निकाल लागेपर्यंत अडकून आहे. आमच्या अर्जाची, फास्टॅगच्या उताऱ्याची आणि इतर कागदांची एक प्रत त्याने पिशवीत घालून ठेवलीय. पेठ रोडच्या मार्केटात संध्याकाळी गाड्या भरतात त्या वेळी तो आमच्या टेबलाशी असतो. कुणा ड्रायव्हरला किंवा त्याच्या घरच्यांना बघायची असेल तर येऊन बघावी, झेरॉक्सचे पैसे तेवढे आपले आपण द्यावेत.

आपला,
एक गाडीमालक, आडगाव, नाशिक
(अपील प्रलंबित असल्याने कृपया नाव छापू नये.)